जुन्या पेठेतील पहिले घर : सोलापूरच्या मध्यवस्तीत घर घेण्यापूर्वी

सोलापूरच्या मध्यवस्तीतील जुने खरेदीखत उघडले, तर त्यात घराचे माप पुष्कळदा चौरस फुटांत सापडत नाही. ते खणांत सापडते. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. ‘पाच खणांचे माळवदी घर, पुढे सोपा, मागे न्हाणी, परसात आड’ असे वर्णन आणि त्याखाली चतुःसीमा : पूर्वेस अमुक याचे घर, पश्चिमेस सरकारी बोळ, दक्षिणेस रहदारीचा रस्ता. ज्यांची नावे चतुःसीमेत आहेत ती माणसे कालवश होऊन दोन पिढ्या उलटलेल्या असतात. काही दस्त मोडीत असतात आणि ते वाचू शकणारी व्यक्ती आज शोधावी लागते. आयुष्यातील पहिले घर अशा पेठेत घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला नेमक्या याच कागदावर आपली सारी पुंजी लावावयाची असते. यास्तव हा व्यवहार नव्या वसाहतीतील सदनिका घेण्याच्या व्यवहाराहून सर्वस्वी निराळा आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

सोलापूरची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली व १ मे १९६४ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. भुईकोट किल्ला व सिद्धेश्वर तलाव यांच्या आसपास कसबा वसला, वेशी उभ्या राहिल्या आणि पुढे वारांच्या नावांच्या पेठा वाढल्या. १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ या नावाने पुढे ओळखली गेलेली कापडगिरणी निघाली आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग मागांच्या आवाजाने भरून टाकला. परिणामी सोलापुरात जुने घर एकाच घाटाचे नाही. उत्तर व दक्षिण कसब्यात, बाळीवेस परिसरात चौकाचे वाडे आढळतात; मंगळवार पेठ, चाटी गल्ली येथे खाली पेढी व वर राहणे अशी व्यापाऱ्यांची घरे; तर साखर पेठेच्या बाजूस खाली माग व वर किंवा मागे संसार, अशी घर आणि कारखाना एकत्र असलेली बांधणी. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज ज्या गल्ल्यांतून जातात, त्या गल्ल्यांतील घराची किंमत केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही, हे प्रत्येक सोलापूरकर जाणतो.

गेल्या काही दशकांत शहर जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता या दिशांनी पसरले. वाड्यांतील पुढची पिढी तिकडे किंवा पुण्याकडे गेली. मागे राहिलेली घरे विक्रीस निघतात आणि बाजारपेठ, शाळा, दवाखाना, देऊळ सारे पायी अंतरावर असल्यामुळे मध्यम उत्पन्नाच्या तरुण कुटुंबाला ती आकर्षक वाटतात. कामगारांच्या घरबांधणीबाबत सोलापूरने देशापुढे मोठे उदाहरण ठेवले आहे. कुंभारी येथील रे नगर प्रकल्प ३० हजार घरांचा असून त्यांपैकी १५ हजार घरांचे वितरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. तेथे जमिनीचा निर्वेधपणा संस्थेने व शासकीय यंत्रणेने एकदाच सर्वांसाठी पाहिला. जुन्या पेठेत मात्र ही सारी चौकशी एकट्या खरेदीदाराला करावी लागते.

नाव कोणाचे, मालकी कोणाची

चौकशीचा आरंभ नगर भूमापन कार्यालयातून करावा. प्रत्येक मिळकतीला नगर भूमापन क्रमांक असतो आणि तिची मिळकत पत्रिका तेथून मिळते. पत्रिकेवरील क्षेत्र, धारकाचे नाव, सत्ता प्रकार, इतर भार व फेरफाराच्या नोंदी या पाचही बाबी शांतपणे वाचाव्यात. सत्ता प्रकारावरून जागा खाजगी पूर्ण मालकीची आहे की शासनाच्या भाडेपट्ट्याची अथवा शर्तीची, याचा उलगडा होतो. पत्रिकेसोबत चौकशी नोंदवहीचा उतारा अवश्य मागावा. भूमापनाच्या वेळी त्या नावाची नोंद कोणत्या आधारावर झाली, खरेदीखतावरून की केवळ कब्जावरून, ते तेथे लिहिलेले असते. बहुतेक खरेदीदार हा उतारा मागत नाहीत. माझ्या मते पत्रिकेइतकेच त्याचे महत्त्व आहे.

तथापि मिळकत पत्रिका ही भूमी अभिलेखाची नोंद आहे. तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. महानगरपालिकेची घरपट्टीची पावती तर त्याहून दुबळी. तरीही व्यवहारात ‘पट्टी मी भरतो, म्हणून घर माझे’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. त्यातील धोका एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, शुक्रवार पेठेतील एक घर आजोबांनी स्वकष्टाने घेतले होते. ते १९७२ साली मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, तीन मुलगे व दोन मुली. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार सहा समान हिस्से झाले. येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलींना हक्क २००५ च्या सुधारणेने मिळाला नाही, तो १९५६ पासूनच आहे. पुढे आजी वारल्या व त्यांचा सहावा हिस्सा पाच मुलांत वाटला जाऊन प्रत्येकाचा हिस्सा एकपंचमांश झाला. त्यानंतर धाकटा मुलगा वारला. मागे पत्नी व दोन मुले. एक मुलगी वारली. मागे पती व दोन मुले. आता या दोन एकपंचमांशांचे प्रत्येकी तीन तुकडे होऊन सहा जण एकपंधरांशाचे धनी झाले. हयात तीन भावंडे धरून एकूण नऊ मालक. घरात राहणारा थोरला मुलगा, ज्याच्या नावे पट्टीची पावती येते आणि जो विक्रीची बोलणी करीत आहे, तो यांपैकी केवळ एकपंचमांशाचा मालक आहे.

खरेदीखतावर नऊ सह्या हव्यात. त्याऐवजी एकट्या थोरल्याची सही घेतली, तर खरेदीदाराला त्याच्या हिश्श्यापलीकडे काही मिळत नाही. इतकेच नव्हे, तर अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतल्यास त्याला घराचा सामायिक कब्जा मागता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४४ सांगते. त्याने वाटणीचा दावा लावला, तर विभाजन अधिनियम, १८९३ च्या कलम ४ नुसार कुटुंबातील दुसरा हिस्सेदार न्यायालयाने ठरविलेल्या किमतीला तो हिस्सा परत विकत घेऊ शकतो. म्हणजे पैसे गुंतून पडतात, दावा चालतो, आणि घर काही मिळत नाही. कर्जाचा हप्ता मात्र दरमहा भरावा लागतो.

मिळकत वडिलोपार्जित असेल तर हिशेब आणखी बदलतो. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीही जन्मतः सहदायाद आहेत, आणि त्या दिवशी बाप हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी व हस्तांतरणे मात्र कायद्याने अबाधित ठेवली आहेत. म्हणून ‘आमची वाटणी पूर्वीच झाली’ असे कोणी सांगितल्यास नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा दाखविण्यास सांगावे. मुस्लिम कुटुंबात वारसाहक्क व्यक्तिगत कायद्याने ठरतो. तेथेही मुलींना ठरावीक हिस्सा आहे. वारसांपैकी कोणी अज्ञान असेल व त्याचा स्वतंत्र हिस्सा असेल, तर न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून पालकाला तो विकता येत नाही. विकल्यास सज्ञान झाल्यावर तो मुलगा किंवा मुलगी तो व्यवहार रद्द करून मागू शकते.

लग्न होऊन अक्कलकोट, विजापूर किंवा हैदराबाद येथे नांदणाऱ्या बहिणींची नावे वारसनोंदीत गाळण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. बोलणी करताना ‘आत्यांचे काही म्हणणे नाही’ असे आश्वासन मिळते. त्यांचे काही म्हणणे नसेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करण्यास त्यांची हरकत असण्याचे कारण नाही. हे पत्र नसेल, तर त्यांनी खरेदीखतावर विक्रेत्या म्हणून सही केली पाहिजे. भावाला लाजून गप्प बसलेल्या आत्याचा मुलगा पुढे गप्प बसेलच असे नाही.

यानंतर दुय्यम निबंधक कार्यालयातील शोध. निदान तीस वर्षांच्या सूची क्रमांक दोनच्या नोंदी वकिलामार्फत पाहाव्यात. संगणकावर अलीकडच्या वर्षांच्या नोंदी मिळतात. त्यापूर्वीसाठी जुन्या वह्या चाळाव्या लागतात व तो कंटाळा करू नये. मूळ खरेदीखत प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरावा. मूळ दस्त ठेव म्हणून देऊन पतसंस्था किंवा बँकेकडून कर्ज काढण्याची रीत सर्रास आहे. अशा गहाणाची सूचना नोंदविण्याची तरतूद महाराष्ट्रात २०१३ पासून अंमलात आली. तत्पूर्वीचे गहाण शोधात दिसेलच असे नाही. ‘मूळ कागद हरवला’ असे उत्तर आले, तर व्यवहार तेथेच थांबवून आधी त्याचा छडा लावावा. दिवाणी न्यायालयात मिळकतीबाबत दावा चालू आहे काय, याचाही तपास हवा. दावा प्रलंबित असता घेतलेले घर त्या दाव्याच्या निकालाला बांधलेले असते.

स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देण्याची पद्धत चांगली आहे, पण ती पुरेशी नाही. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चार भाषांत बोलणारे शहर. एका भाषेच्या पत्रातील नोटीस दुसऱ्या भाषेच्या वाचकाला दिसत नाही. शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून घेतलेला चहा पुष्कळदा नोटिशीपेक्षा जास्त माहिती देऊन जातो.

भाडेकरू

अनेक वाड्यांत एकदोन खोल्यांत जुने भाडेकरू आहेत. घर विकले म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. नवा मालक त्याचा नवा घरमालक होतो, एवढेच. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची जागा घेतली. परंतु भाडेकरूला मिळालेले संरक्षण कायम राहिले. भाडेकरूच्या पश्चात त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांकडे तो हक्क जातो. स्वतःच्या वास्तविक गरजेसाठी जागा मागता येते, पण तेथे न्यायालय दोन्ही पक्षांच्या अडचणी तोलून पाहते. ‘घर घ्या, भाडेकरूला मी काढून देतो’ या शब्दावर इसार देऊ नये. रिकामा कब्जा आधी, पैसे नंतर. अथवा भाडेकरूसह घर, पण त्या मानाने किंमत कमी. घर मोडकळीस आले की भाडेकरू आपोआप जाईल, हा समजही चुकीचा आहे. महानगरपालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि हेही विसरता कामा नये की, चाळीस वर्षे त्या खोलीत राहिलेल्या कुटुंबाचेही ते घरच आहे.

रस्त्याची रेषा, किल्ला आणि देवस्थान

मध्यवस्तीतील गल्ल्या अरुंद आहेत. विकास योजनेत रस्ता रुंद करावयाचा असेल, तर घराचा दर्शनी भाग रस्त्याच्या रेषेत जातो. आजचे घर उभे आहे तोवर हे जाणवत नाही; पुनर्बांधणीचा नकाशा सादर केला की उरलेल्या जागेवरच बांधता येते हे कळते. बारा फूट रुंदीच्या घरातून पाच फूट रस्त्यात गेले, तर बाकी काय राहिले, हे सांगण्यास अभियंता नको. म्हणून खरेदीपूर्वी महानगरपालिकेच्या नगररचना विभागातून विकास योजनेचा भाग नकाशा व झोन दाखला घ्यावा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दाट वस्तीसाठी स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार सामासिक अंतर किती सोडावे लागेल व चटई क्षेत्र किती मिळेल, हे परवानाधारक वास्तुविशारदाकडून लिहून घ्यावे.

भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. २०१० साली सुधारलेल्या कायद्यानुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहे. निषिद्ध पट्ट्यातील जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण त्यासाठीही सक्षम प्राधिकाऱ्याचा परवाना लागतो. ‘घेऊन टाकू, नंतर पाडून तीन मजले बांधू’ असा बेत करून किल्ल्याजवळ घर घेणारा फसतो. त्यात दोष कोणाचाही नसतो. त्याने अंतर मोजलेले नसते.

जागा एखाद्या मठाची, देवस्थानाची वा सार्वजनिक न्यासाची असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून तिची विक्री होत नाही. वक्फ मिळकतीलाही कायद्याची निराळी बंधने आहेत.

माळवद आणि काळी माती

आता प्रत्यक्ष घराकडे वळू. सोलापुरात पाऊस वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास, आणि मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे. या हवेला माळवद अगदी अनुरूप होते : भिंतींवर लाकडी तुळया, त्यांवर आडवे सरे व चिपा, त्यांवर पाला व चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. जाड भिंती व मातीचे छत यांमुळे दुपारीही माजघर थंड राही. परंतु ही रचना दरवर्षीची देखभाल मागते. पावसाळ्यापूर्वी पांढरी माती नव्याने पसरावी लागते, पन्हाळ मोकळे करावे लागतात. आजोबांच्या काळी हे होत असे. पुढे घरात कोणी उरले नाही आणि वर थरावर थर चढून छत जड होत गेले.

जड छत व मातीत रचलेल्या दगडी भिंती यांचा मेळ किती घातक ठरतो, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दाखविले. लातूर-उस्मानाबाद भागात माणसे बव्हंशी अशाच घरांखाली गाडली गेली. किल्लारी सोलापूरपासून दूर नाही. म्हणून जुने घर पाहताना पुढील बाबी संरचना अभियंत्यासह पाहाव्यात. रंगरंगोटीकडे लक्ष देऊ नये.

तुळईचे मधले अंग नव्हे, भिंतीत शिरलेले टोक तपासावे. ओल तेथे मुरते, वाळवी तेथे लागते आणि वरून काहीच दिसत नाही. खिळा किंवा पटाशी टोचून लाकूड भुसभुशीत लागते का, ते पाहावे. भिंतीचा दगड चुन्यात आहे की मातीत, हे गिलावा थोडा काढून बघावे. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर ओल आत कोंडते व भिंत आतून पोखरते. जुन्या भिंतींवरच नंतर काँक्रीटचा स्लॅब टाकलेली घरे पुष्कळ आहेत. त्यांबाबत अधिकच सावध असावे, कारण त्या भिंती या भारासाठी रचलेल्या नव्हत्या. जिल्ह्यातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग ही बहुधा पाया हलल्याची खूण असते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून काही आठवडे थांबावे. काच तडकली तर भेग जिवंत आहे.

आणखी दोन गोष्टी जुन्या माणसांनाच विचारून कळतात. एक, घरात आड किंवा बळद होते काय, आणि ते कशाने बुजविले. कचरा-माती टाकून बुजविलेल्या आडावर फरशी घालून स्वयंपाकघर केलेले असू शकते. दुसरी, घरात यंत्रमाग चालत होते काय. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी भिंतींचे सांधे सुटतात. शिवाय वीजजोडणी औद्योगिक असते व तिची थकबाकी राहिलेली असू शकते.

भिंत शेजाऱ्याशी सामायिक असेल तर ती पाडण्याचा वा तिच्यावर बांधण्याचा हक्क एकट्याचा नाही. शेजाऱ्याचे सांडपाणी आपल्या चौकातून वाहत असेल, त्याची खिडकी आपल्या अंगणात उघडत असेल आणि ही वहिवाट वीस वर्षे अखंड चालू असेल, तर तो सुखाधिकाराचा हक्क होतो. बोळ ‘सरकारी’ की ‘खाजगी सामायिक’, हे नकाशावर पाहावे. शासकीय मोजणी करून घेतली तर पत्रिकेवरील क्षेत्र व जाग्यावरील भिंती यांतील तफावत उघड होते. पाण्याच्या बाबतीत, नळ किती दिवसांआड व किती वेळ येतो, हे उन्हाळ्यात जाऊन विचारावे. साठवणाची टाकी बांधण्यास जागा आहे का, हेही तेव्हाच सुचते.

पैसा आणि दस्त

जुन्या घरावर कर्ज देताना बँक इमारतीचे उर्वरित आयुष्य विचारते. मूल्यांकन व्यवहाराच्या किमतीपेक्षा कमी येण्याचा संभव असतो आणि तो फरक खरेदीदाराला स्वतः उभा करावा लागतो. म्हणून कर्जाची तत्त्वतः मंजुरी मिळण्यापूर्वी मोठा इसार देऊ नये. मुद्रांक शुल्क प्रत्यक्ष किंमत व वार्षिक बाजारमूल्य दर यांपैकी जी रक्कम अधिक असेल तीवर लागते. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून शुल्कात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार रुपये. दुरुस्तीचा अंदाज या सर्वांत मिळवूनच परवडते की नाही, ते ठरवावे. तुळया बदलण्याचा खर्च ऐकून अनेकांचा उत्साह ओसरतो, आणि तो खरेदीपूर्वी ओसरलेला बरा.

साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे. त्याने मालकी मिळत नाही. कुलमुखत्यारपत्र व साठेखत यांवर घर ‘घेतल्याचे’ सांगणाऱ्या व्यवहारांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्ध सांगितले आहे. घरपट्टीची थकबाकी मिळकतीवरील पहिला बोजा असते, म्हणून महानगरपालिकेचा ना-थकबाकी दाखला, तसेच पाणीपट्टी व विजेचे शेवटचे बिल दस्तापूर्वी हाती असावे. घर धोकादायक ठरवून नोटीस बजावली आहे काय, याची चौकशी विभागीय कार्यालयात करावी.

दस्तात नगर भूमापन क्रमांक, आजच्या शेजाऱ्यांनुसार चतुःसीमा आणि मोजणीचा नकाशा घालावा. जुन्या दस्तातील खणांचे वर्णनही गाळू नये, कारण मागील कागदांशी जोडणारा दुवा तोच आहे. नोंदणी झाली की त्याच आठवड्यात फेरफारासाठी नगर भूमापन कार्यालयात व करआकारणीवरील नाव बदलण्यासाठी महानगरपालिकेत अर्ज द्यावा. नोटिशीची मुदत हरकतीविना संपल्यावर पत्रिकेवर नवे नाव चढते. तिची प्रमाणित प्रत घेऊन ती मूळ खरेदीखत, शोध अहवाल व हक्कसोडपत्रांसह एका ठिकाणी ठेवावी, आणि कागद कोठे आहेत ते घरातील मुलींनाही सांगून ठेवावे.